आर्मेनियन तरुण कवींची मराठीत ओळख करून द्यायची आहे, सुरुवात कुठून करू?

मरोळची_लोंबी

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय. प्रश्न लांबलचक आहे पण मागचं-पुढचं सांगितल्याशिवाय कळणार नाही म्हणून सगळंच सांगते, प्लीज वेळ काढून वाचा.

मी मरोळ गावठाणात राहते. महिन्याच्या तिसऱ्या रविवारी संध्याकाळी ओळखीतल्या एका घराच्या ओट्यावर आम्ही कवितावाचन करतो. नऊ-दहा पोरं असतात, १७ ते २२ वयाची, कोणी कॉलेजला, कोणी नुकतं नोकरीला लागलेलं, एक जण डिलिव्हरीचं काम करतो तो बाइक गेटापाशी लावून हेल्मेट मांडीवर घेऊनच बसतो. दर वेळी एका वेगळ्या भाषेतले कवी घ्यायचे असं ठरलंय, या वेळी माझी पाळी आहे आणि मी आर्मेनियन तरुण कवी घेतलेत.

झालं असं की आर्मेनियन लेखकांची एक आंतरराष्ट्रीय संस्था १४ ते १८ वयाच्या मुलांसाठी कवितास्पर्धा घेते, त्यातल्या कविता मी इंग्रजीतून वाचायला लागले आणि मग तिथून पुढे जे मिळेल ते वाचत गेले. बरीच मुलं आर्मेनियाबाहेर वाढलेली. आणि फिरून फिरून त्याच गोष्टी येतात, आपलं नाव दुसऱ्याच्या तोंडून कसं येतं, आजीची भाषा कळते पण बोलायला गेलं की जीभ वळत नाही, आरशात जे नाक नि भुवया दिसतात त्या कुणाच्या, लोक आपल्याकडे बघतात तेव्हा नक्की कोणाला बघतात.

मला हे इतकं का लागलं ते सांगते. आम्ही ईस्ट इंडियन. म्हणजे इथलेच, मुंबईचे ख्रिश्चन, घरात मराठीच बोलतो, आमची मराठी, पण आडनाव पोर्तुगीज. आठवीत असताना एका आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत मी महाराजांच्या आरमारावर बोलले होते, दोन महिने तयारी करून. बक्षीस देताना परीक्षकांनी कागदावर माझं आडनाव वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि इंग्रजीत विचारलं, मराठी कुठे शिकलीस. मी मराठीतच म्हटलं, आईकडे. ते हसले आणि माइकवरून म्हणाले, बघा, या मुलीने किती छान मराठी शिकून घेतलीय. टाळ्या पडल्या. माझी आजी दुसऱ्या रांगेत लुगडं नेसून बसली होती, तिने आयुष्यात दुसरी कुठली भाषा बोललेली नाही, ती पण टाळ्या वाजवत होती. मी त्या दिवशी घरी येऊन बक्षिसाचं पुस्तक कपाटावर टाकलं ते अजून तिथेच आहे.

आणि ईस्ट इंडियन म्हटलं की लोक विचारतात बंगाल का आसाम. हे नाव १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वेळी आमच्याच लोकांनी घेतलं, बाहेरून नोकरीला येणाऱ्या ख्रिश्चनांपेक्षा आपण इथले मूळचे हे साहेबाला कळावं म्हणून. तेव्हा ओळख पटवायला घेतलेलं नाव आणि आज त्याच नावामुळे कोणाला पत्ता लागत नाही आम्ही कुठले ते. मग वाचताना कळलं की आर्मेनियन लोक स्वतःला आर्मेनियन म्हणतच नाहीत, ते स्वतःला 'हाय' म्हणतात, देश 'हायास्तान', भाषा 'हायेरेन'. जगाने ठेवलेलं नाव वेगळं आणि घरातलं वेगळं. मी त्या पानावर कितीतरी वेळ थांबले होते.

तर अडचण ही आहे. ओळख करून देताना १९१५ पासून सुरुवात करावी का? तेव्हाच्या ऑटोमन तुर्की राज्यात आर्मेनियन लोकांचा जो नरसंहार झाला त्याचं आधी सांगितलं तर पोरं गंभीर चेहरे करून बसतील आणि पुढची प्रत्येक कविता त्यांना श्रद्धांजलीसारखी ऐकू येईल, डब्यातल्या जेवणाची असली तरी. ही मुलं तर म्हणतायत की आम्हाला बघा. पण सांगितलंच नाही तर आपण काहीतरी दडवतोय असंही वाटतं. आणि दुसरं, ते 'दिसणं' आणि 'बघितलं जाणं' जे त्यांच्या कवितांमध्ये सारखं येतं त्याला मराठीत काय म्हणायचं? मी तीन वेळा भाषांतर करून खोडलंय.

नाना_बोरिवलीकर

बेटा, तुझ्या आजीचं वाचून वाईट वाटलं. पण तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर सरळ आहे, सुरुवात १९१५ पासूनच कर. दुसरीकडून केलीस तर ते खोटं होईल.

कारण सांगतो. २४ एप्रिल १९१५ च्या रात्री कॉन्स्टँटिनोपलमध्ये, म्हणजे आजच्या इस्तंबूलमध्ये, दोनशेहून जास्त आर्मेनियन लोकांना घरातून उचललं, आणि ते कोण होते? कवी, संपादक, शिक्षक, डॉक्टर, वकील. जे लिहितात बोलतात ते आधी. सियामांतो, रुबेन सेवाक, दानियेल वारूझान हे तिघंही मोठे कवी, तिघांनाही त्याच वर्षी मारलं. वारूझान ३१ वर्षांचा होता. त्यानंतर लाखो माणसं, गावंच्या गावं, वाळवंटाकडे चालवत नेली. आज अमेरिकेत, लेबनॉनमध्ये, फ्रान्समध्ये जे आर्मेनियन आहेत त्यातल्या बहुतेकांच्या घरातलं कोणीतरी त्यातून वाचलेलं आहे, त्याशिवाय ती मुलं तिथे जन्मलीच नसती. मग ते न सांगता त्यांची ओळख कशी होणार?

आणि हे जुनं झालं असंही समजू नकोस. काराबाख म्हणजे अझरबैजानच्या हद्दीतला आर्मेनियन वस्तीचा भाग, २०२० मध्ये त्यावरून ४४ दिवसांचं युद्ध झालं, डिसेंबर २०२२ पासून तिथे जाणारा रस्ता अडवला गेला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये काही दिवसांत एक लाखाहून जास्त आर्मेनियन घरदार सोडून निघाले. आज १८ वर्षांचा असलेला मुलगा हे सगळं स्वतः फोनवर बघत मोठा झालाय, त्याच्या कवितेत पणजीचं दुःख आहे तसं परवाचंही आहे.

पोरं गंभीर झाली तर होऊ देत. गंभीर होण्यासारखंच आहे.

सायली_पार्ला

मी भाषांतराचं काम करते त्यामुळे तुझ्या दुसऱ्या प्रश्नावर बोलते, नानांच्या मुद्द्यावर नंतर येते.

पहिली गोष्ट, 'अस्मिता' हा शब्द अजिबात वापरू नकोस. इंग्रजीतल्या आयडेंटिटीला आपण पटकन अस्मिता लिहून मोकळे होतो पण मुंबईत अस्मिता म्हटलं की डोळ्यासमोर बॅनर येतो, चौक येतो, घोषणा येते. या मुलांच्या कविता स्वयंपाकघरात आणि शाळेच्या बाकावर घडतात, तिथे तो शब्द मावणार नाही. 'अस्तित्व' पण नको, तो फार वर्षं फार ठिकाणी वापरून गुळगुळीत झालाय.

मी 'ओळख' घेतली असती. बघ ना, आपल्याकडे ओळख म्हणजे मी कोण ते, आणि ओळख म्हणजे तुझी-माझी झालेली भेट पण. आणि आपण म्हणतो ना, "स्टेशनवर समोरून गेला पण ओळख दाखवली नाही." म्हणजे त्याला मी दिसले, त्याने बघितलं सुद्धा, पण ओळख दाखवली नाही. तू वक्तृत्व स्पर्धेचं जे लिहिलंयस ते नेमकं हेच आहे, त्या परीक्षकांना तू व्यवस्थित दिसत होतीस. तुझ्या त्या खोडलेल्या ओळींमध्ये 'दिसणं'च्या जागी एकदा 'ओळख दाखवणं' घालून बघ.

दुसरं, आर्मेनियन भाषेत एक बोलण्यातला शब्द आहे, 'त्सावत तानेम'. अक्षरशः अर्थ, तुझं दुखणं मी घेऊन जाते. आई मुलाला म्हणते, आजी नातवाला म्हणते, भाजीवाली गिऱ्हाइकाला पण म्हणते. इंग्रजीत याचं भाषांतर करताना सगळे अडतात, मग तळटीप टाकतात. मराठीत तळटिपेची गरजच नाही गं! आपली आजी दोन्ही हात गालावरून फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडते आणि अलाबला घेते तेच आहे हे. बोटं कडाकड मोडली की म्हणायची, बघ किती दृष्ट लागली होती. मला हे सुचलं तेव्हा मी ऑफिसमध्ये एकटीच कानशिलावर बोटं मोडून बघितली. इंग्रजीतून भाषांतर करतेस ना तेव्हा ही भीती असते की मूळ भाषा दोन घरं लांब आहे, पण कधी कधी मूळ घर आपल्याला शेजारच्या इंग्रजीपेक्षा जवळचं असतं.

तिसरी गोष्ट जरा नाजूक आहे. आर्मेनियनचे दोन प्रकार आहेत, पूर्वेची आणि पश्चिमेची. पूर्वेची आर्मेनिया देशात चालते. पश्चिमेची बोलणारे लोक १९१५ मध्येच उखडले गेले, ती आता देश नसलेली भाषा आहे, २०१० मध्ये युनेस्कोने ती धोक्यात असलेल्या भाषांमध्ये घातली. सिल्वा कापुतिक्यान म्हणून सोव्हिएत काळातल्या मोठ्या कवयित्री, त्यांची मुलाला उद्देशून लिहिलेली कविता आर्मेनियन शाळांमध्ये पोरांना तोंडपाठ असते, तिचं सार असं की एक वेळ आईला विसरलास तरी चालेल पण आपली भाषा विसरू नको. आता विचार कर, ही कविता ऐकून वाढलेली आणि ती भाषा न येणारी मुलगी इंग्रजीत कविता लिहितेय. तिच्यासाठी प्रत्येक ओळ म्हणजे एक कबुली आहे. तुझ्या ओट्यावर पण अशी पोरं असतील, घरी मराठी, लिहायला इंग्रजी किंवा हिंदी. त्यांना हे सांग, ती लगेच पकडतील.

नानांचं बरोबर आहे पण सगळ्यात आधी मृत्यू सांगितला की नंतर माणूस जिवंत करून दाखवणं फार कठीण जातं, हा माझा अनुभव आहे.

फोर्टातला_पायी

मी कवितेतला माणूस नाही पण हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो.

माझं ऑफिस २२ वर्षं फोर्टात आहे. चर्चगेटला उतरून चालत जातो, काळाघोड्यावरून नगीनदास मास्टर रोडने, पूर्वीचा मेडोज स्ट्रीट. त्या रस्त्यावर अरारात नावाची बिल्डिंग आहे आणि तिथेच आर्मेनियन चर्च, १७९६ चं. इतकी वर्षं मी अरारात हे नाव वाचतोय आणि मला वाटायचं कोणा पारशी शेटजीचं नाव असेल. दोन वर्षांपूर्वी मुलीच्या भूगोलाच्या प्रोजेक्टमध्ये कळलं की अरारात हा डोंगर आहे, ५,१३७ मीटर, आर्मेनियाच्या राजधानीतून येरेवानमधून समोर दिसतो, त्यांच्या राष्ट्रचिन्हावर आहे, पण आहे तुर्कस्तानात. आणि ती सरहद्द १९९३ पासून बंद. म्हणजे रोज सकाळी खिडकीतून आपला डोंगर बघायचा आणि जायचं नाही. आणि ज्यांनी तो डोंगर सोडला त्यांनी इथे फोर्टात येऊन बिल्डिंगला त्याचं नाव दिलं. मी त्या पाटीसमोरून किती हजार वेळा गेलो असेन.

अजून एक सांगतो कारण ते आपल्या देशातलं आहे. जगातलं पहिलं आर्मेनियन नियतकालिक आर्मेनियात निघालं नाही, मद्रासला निघालं, १७९४ मध्ये, नाव 'अझ्दारार', काढणारे हारुत्युन श्माव्होन्यान नावाचे धर्मगुरू. आणि कलकत्त्याला त्यांची शाळा आहे, १८२१ ची. आपली गायिका गौहरजान, जिचं १९०२ मध्ये रेकॉर्डिंग झालं, तिचे वडील आर्मेनियन. हे लोक आपल्याकडे पाहुणे म्हणून आले नव्हते, राहिले होते. तेव्हा तुमच्या पोरांना लांबच्या देशातले कवी म्हणून सांगू नका, फोर्टात ज्यांची बिल्डिंग आहे त्यांच्यातले म्हणून सांगा.

निळी_वही

मी १९ वर्षांची आहे, लॉ करतेय, म्हणजे लोंबीताईंच्या ओट्यावर बसणाऱ्यांच्याच वयाची, म्हणून बोलते. नाना, राग मानू नका.

आम्हाला क्लासमध्ये अमेरिकेतल्या दोन केसेस एकत्र शिकवल्या. तेव्हा बाहेरून आलेल्याला तिथे नागरिकत्व मिळायला 'गोरा' किंवा आफ्रिकी वंशाचा असावं लागायचं. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड म्हणून पंजाबी गृहस्थ, अमेरिकन सैन्यात होते, त्यांना सुप्रीम कोर्टाने सांगितलं तुम्ही गोरे नाही. आणि १९२५ मध्ये तातोस कार्तोझियान, पोर्टलँडमध्ये गालिचे विकणारे आर्मेनियन व्यापारी, त्यांची केस, तिथे मोठमोठे मानववंशशास्त्रज्ञ साक्षीला आणले आणि कोर्टाने ठरवलं की आर्मेनियन गोरे आहेत. आपला माणूस हरला आणि त्यांचा जिंकला, पण मला दोन्ही वाचताना सारखंच वाटलं, एक माणूस कोर्टात उभा आहे आणि बाकीचे त्याच्याकडे बघून ठरवतायत हा कोण. त्याला कोणी विचारत नाहीये. आणि जिंकल्यामुळे काय झालं, तर पुढे शंभर वर्षं फॉर्मवर 'गोरे' एवढाच रकाना, त्यात आजी नाही, गाव नाही, भाषा नाही. ही मुलं लिहितात ते त्या रकान्याच्या बाहेर राहिलेलं आहे असं मला वाटतं.

आता नानांच्या मुद्द्याचं. आमच्याकडे कोणी "पूर्ण नाव सांग" म्हणतं ना तेव्हा त्याला काय विचारायचंय ते मला सहावीपासून कळतं. मी आडनाव सांगते आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हलतं, काही जण लगेच चांगलं वागायला लागतात, बाबासाहेबांबद्दल बोलतात, गावाकडच्या अत्याचाराच्या बातम्यांबद्दल हळहळतात. त्यांचं चुकतं असं नाही. पण मी तेव्हा वर्गात माझी कविता वाचायला उभी राहिलेली असते, ती कविता आमच्या चाळीतल्या पाण्याच्या पिंपावर असते, आणि ती कोणी ऐकलेलीच नसते. मला माझा इतिहास लपवायचा नाहीये नाना, तो माझा आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. फक्त तो मी सांगेन ना. माझ्या आधी येऊन कोणी खुर्ची अडवून बसू नये.

आणि ताई, तुम्ही चारेंत्स वाचलात का? येघिशे चारेंत्स, १८९७ चा जन्म, १९३७ मध्ये स्टालिनच्या धरपकडीत पकडला गेला आणि तुरुंगातच मेला. त्याने १९३३ मध्ये एक कविता लिहिली, वरवर सरकारला आवडेल अशीच, पण प्रत्येक ओळीतलं दुसरं अक्षर घेऊन वरून खाली वाचत गेलं की वाक्य तयार होतं, हे आर्मेनियन जनांनो तुमचं तारण तुमच्या एकजुटीतच आहे. पहिलं नाही, दुसरं अक्षर! पहिलं कोणीही बघितलं असतं. ज्याला बघायचं आहे त्यालाच दिसेल असं लिहिलंय. 'दिसणं' यावर एवढं मला दुसरीकडे कुठे सापडलेलं नाही.

नाना_बोरिवलीकर

निळी वही, राग कसला. तुझी पोस्ट काल रात्री दोनदा वाचली आणि झोप लागेना म्हणून उठून बसलो.

मी काल तीन नावं लिहिली आणि तिघं कसे मेले ते लिहिलं. ते काय लिहीत होते ते एका शब्दानेही लिहिलं नाही. वारूझानबद्दल मला माहीत होतं तरी लिहिलं नाही. तो आजच्या तुर्कस्तानातल्या सिवासजवळच्या खेड्यातला शेतकरी वस्तीतला मुलगा, बेल्जियमला जाऊन शिकून आलेला, आणि अटक झाली तेव्हा त्याच्या हातात जे काम होतं ते होतं भाकरीवरच्या कवितांचं. नांगरट, पेरणी, कापणी, खळं, मळणी, जातं आणि शेवटी भाकरी. एवढंच. कोणाबद्दल द्वेष नाही की कुठे रक्त नाही. ते हस्तलिखित जप्त झालं होतं, नंतर अधिकाऱ्यांना पैसे चारून लोकांनी ते सोडवून आणलं आणि १९२१ मध्ये छापलं, अपुरंच.

मी मूळचा कोकणातला, लहानपणी खळ्यात झोपलोय, भाताच्या पेंढ्याचा वास अजून नाकात आहे. माणसं मरत असताना लोकांनी लाच देऊन सोडवलं काय, तर खळ्याचं वर्णन. मी मघाशी जे १९१५, १९१५ करत होतो ते सगळं या एका गोष्टीत आहे, आणि माणूस जिवंत आहे त्यात, वाफाळलेली भाकरी आहे.

बेटा, तू भाकरीपासून सुरुवात कर. पोरं विचारतीलच की मग पुढे काय झालं, पुस्तक अपुरं का. तेव्हा सांग. त्यांनी विचारल्यावर सांग.

मरोळची_लोंबी

मी सगळ्यांचे आभार कसे मानू तेच कळत नाहीये. नाना, तुमची पोस्ट मी लोकलमध्ये वाचली आणि अंधेरीला उतरायचं राहिलं, विलेपार्ल्याला जाऊन परत आले.

तुम्हाला माहीत नसेल पण आमच्याकडे आगेरा असतो, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी. नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये नेतात, फादर आशीर्वाद देतात, मग त्या घरोघरी वाटतात, वर्षभर देवाच्या तसबिरीपाशी राहतात. मरोळला आता शेतं कुठली, लोंब्या बाहेरून आणाव्या लागतात तरी आणतोच. माझं इथलं नाव त्यावरूनच आहे. आणि आर्मेनियन लोक ऑगस्टमध्ये द्राक्षांना असाच चर्चमध्ये आशीर्वाद घेतात आणि जुन्या रीतीची माणसं तोपर्यंत नवीन द्राक्षं तोंडात घालत नाहीत. हे वाचलं तेव्हा आईला ओरडून सांगितलं, ती म्हणाली मग, सगळे असंच करतात, नवं आधी देवाला. तिला काही विशेष वाटलंच नाही.

रविवारी कार्यक्रम झाला, कसा झाला ते सांगते.

सुरुवातीला काहीच सांगितलं नाही. आईने सकाळी तांदळाच्या पिठाच्या हातभाकऱ्या केल्या होत्या त्या फडक्यात गुंडाळून नेल्या आणि मधे ठेवल्या. मग वारूझानच्या तीन कविता वाचल्या, मीच इंग्रजीवरून मराठीत केलेल्या, त्यात नांगरट नि मळणीचे शब्द मला येत नव्हते ते नाना तुमच्या पोस्टमधून आणि थोडे आजीकडून घेतले. पोरं ऐकता ऐकता भाकरी तोडून खात होती. डिलिव्हरीवाला म्हणाला, हा शेतकरी होता का? मी म्हटलं, शेतकऱ्याच्या गावातला, मास्तर होता. मग कोणीतरी विचारलं, अजून आहेत का याच्या? मी म्हटलं नाही, पुस्तक अपुरं राहिलं. का? तेव्हा सांगितलं. नाना, सगळं सांगितलं, २४ एप्रिलपासून काराबाखपर्यंत, काही गाळलं नाही. कोणी बोललं नाही बराच वेळ. एका मुलीच्या हातात भाकरीचा तुकडा होता, तो तिने तसाच धरून ठेवला होता, खाल्ला पण नाही आणि ठेवला पण नाही.

त्यानंतर तरुण कवींच्या कविता वाचल्या. सायलीताई, 'ओळख दाखवणं' मी दोन ठिकाणी वापरलं आणि एकदा जमलं, एकदा ओढूनताणून वाटलं म्हणून तिथे नुसतं 'बघ' ठेवलं. आडनावांचा विषय निघाला. आर्मेनियन आडनावाच्या शेवटी जे 'यान' असतं ते अमक्याचा, अमक्यांच्यातला अशा अर्थाचं, आणि आधी बऱ्याचदा धंदा असतो, पण तो धंद्याचा शब्द अनेकदा तुर्की. तेर्झियान म्हणजे शिंप्याच्या घरातला, 'तेर्झी' म्हणजे आपला दर्जीच, मूळ फारसी एकच. बोयाजियान म्हणजे रंगाऱ्याच्या घरातला. म्हणजे ज्यांच्या राज्यात एवढं सोसलं त्यांचीच भाषा आडनावात, रोज सहीत. मी म्हटलं माझं पण तसंच, पोर्तुगीजांनी दिलेलं, आणि तरी ते माझंच आहे, माझ्या आजीचं आहे, मी ते बदलणार नाही. आठवीतली गोष्ट मी पहिल्यांदा त्या पोरांना सांगितली, इथे लिहिली होती म्हणून सांगता आली.

आणि निळी वही, चारेंत्स मी शेवटी ठेवला होता. दुसऱ्या अक्षराचं सांगितल्याबरोबर पोरांनी वह्याच काढल्या, प्रत्येकाने आपलं काहीतरी लपवायचं असं ठरवून. मराठीत ते अजून अवघड, काना-मात्रा-वेलांटी सांभाळत ओळीतलं दुसरं अक्षर जुळवायचं. अर्धा तास ओट्यावर कोणी बोललं नाही, नुसती पेनं. हेल्मेटवाल्याने पाच ओळी लिहिल्या, अगदी साध्या, रात्री बाराला ऑर्डर घेऊन उंच बिल्डिंगमध्ये जातो, वॉचमन नाव विचारतो, वहीत काहीतरी भलतंच नाव लिहितो, लिफ्ट दुसरी वापरायची असते. मी दोनदा वाचली, छान आहे म्हटलं, आणि वही परत दिली. शेजारच्या मुलाने नुसती नजर टाकली आणि बोटाने वरून खाली दाखवलं. दुसऱ्या दुसऱ्या अक्षरातून त्याच्या गावाचं नाव होतं, धरणात गेलेलं. तीन वर्षं येतोय तो आमच्याकडे आणि मला त्याचं गाव माहीत नव्हतं.

ती कविता इथे टाकू का विचारलं तर नको म्हणाला, म्हणून टाकत नाही.

आता पुढच्या महिन्यात सगळ्यांना घेऊन फोर्टला जायचंय, अरारात बघायला. पायी काका, ते चर्च कुठल्या दिवशी उघडं असतं आणि दहा जण एकदम गेलं तर आत सोडतील का, तुम्ही जाता-येता जरा विचारून सांगाल का? आणि वारूझानमधला तो 'झ' आपल्या झाडातल्यासारखा नाही, व्हिजन म्हणताना जो येतो तसा आहे, मी रविवारी दोनदा चुकीचा म्हटला. पुढच्या वेळी नीट म्हणायचाय.

फोर्टातला_पायी

उद्याच विचारतो. तुम्ही किती जण ते नक्की कळवा, आणि मुलांना सांगा चर्चगेटपासून चालत यायचं, मी पुढे चालतो.